काळ्या फियाटवरचं धुरकट

“सर, गाडी जरा उन्हात घ्या,” मी म्हणालो.

उपाध्ये सरांनी गाडी शेडमधून मागे घेतली, अंगणात तिरकी लावली आणि खाली उतरून हात मागे बांधून उभे राहिले. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. काळ्या बॉनेटवर सूर्य पडला आणि त्याच्याभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळं उठून दिसलं. काळ्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं आहे.

“सावलीत ती नवी दिसते,” सर म्हणाले.

“सावलीत सगळ्याच दिसतात.”

“हे कुणी केलं असेल?”

“गाडी कोण पुसतं?”

“मी. रोज सकाळी. एकोणऐंशी साली घेतली तेव्हापासून. एक दिवस खाडा नाही.”

“कोरड्या फडक्यानं?”

“स्वच्छ, कोरड्या फडक्यानं.”

सर थोडा वेळ बॉनेटकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. निष्कर्ष काढायला त्यांना माझी गरज नव्हती.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. त्यात कंपनीतून आलेला मूळ रंग अजून अंगावर असलेल्या गाड्यांचा एक वेगळा गट होता, आणि सरांना आपली फियाट त्या गटात उभी करायची होती. गाडी एकदा जरी पुन्हा रंगवली असती तर त्या गटात तिला कुणी उभं केलं नसतं.

“जाळं जाईल?” सरांनी विचारलं.

“जाईल. पण जाळं काढायचं म्हणजे रंगाचा वरचा पदर घासून काढायचा. रंग जुना आहे, त्यात तुम्ही तो तेहतीस वर्षं पुसलाय. किती उरलाय ते वरून कळत नाही. एकदा खालचं लाल अस्तर दिसलं की मग गाडी रंगवण्याशिवाय इलाज नाही.”

“मग ते दिसता कामा नये.”

“दिसणार नाही.”

“आणि धुरकटही राहता कामा नये. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं जाळं एकानं काढून दिलं, पण सगळी गाडी फुंकर मारलेल्या आरशासारखी करून ठेवली.”

“सर, माझ्याकडून गेलेल्या गाडीवर धुरकट दिसलं तर मी दुकानाची पाटी उतरवीन.”

हे मी जरा मोठ्यानेच बोललो. शेजारच्या टायरवाल्या कोऱ्यांनाही ऐकू गेलं असणार. सरांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि ते शनिवारी अकराला येतो म्हणून रिक्षाने निघून गेले.

पाटीवर ‘हमीद शिकलगार, कार पॉलिश’ एवढंच होतं. आम्ही मिरजेचे शिकलगार. आमचे आजोबा संस्थानच्या तलवारींना धार आणि झळाळी द्यायचे. तलवारी गेल्या, वडिलांनी कात्र्या-सुऱ्या केल्या, मी गाड्यांवर आलो. हत्यार झालं की आजोबा ते उजेडात धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्या डोळ्याने पात्यावरून शेवटपर्यंत बघायचे. वडील तसंच करायचे, मीही तसंच करायचो. गाडी झाली की स्पिरिटने पुसायची, कारण पॉलिशच्या तेलकटपणात ओरखडे लपून बसतात आणि दोन धुण्यांनंतर परत तोंड वर काढतात. मग ती अकराच्या उन्हात ढकलायची, गुडघ्यावर बसायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने पत्र्यावरून बघायचं. या डोळ्याची ख्याती सांगली-कोल्हापूरपर्यंत होती. ती पसरवण्यात माझाही थोडा हात होता.

दुकानात माझ्या जोडीला मालन वायदंडे होती. चाळिशीची, कमी बोलणारी, अकरा वर्षं माझ्याकडे कामाला. धुणं, क्लेच्या मऊ गोळ्याने गाडीचं अंग साफ करणं, रबराला आणि काचेला टेप लावणं हे सगळं तिचं. मशीनही तिला छान यायचं, पण गिऱ्हाइकासमोर मशीन मीच धरायचो.

त्या दिवशी आम्ही गाडी धुतली, टेप लावली आणि मी बॉनेटच्या कोपऱ्यात वीतभर चौकोन करून पाहिला. आधी मशीनला लोकरीचा बफ लावून जाडं कंपाउंड, त्याने जाळं कापलं जातं. पण ते कापताना मागे अगदी बारीक धुरकटपणा राहतो, म्हणून मग मऊ फोम आणि बारीक पॉलिश, मशीन हळू. मी स्पिरिट मारलं, गाडी उन्हात घेतली, डोळा मिटला.

“धुरकट आहे,” मी म्हणालो.

मालनने वाकून बघितलं. “कुठं?”

“हे काय, सगळ्या चौकोनावर. दूध सांडून पुसल्यासारखं.”

ती थोडा वेळ चौकोनाकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. “मी काढते,” ती म्हणाली. “तुम्ही च्या घेऊन या जावा.”

हे आमचं ठरलेलंच झालं होतं. गेलं दीड वर्ष मला गाड्यांवर धुरकट फार दिसू लागलं होतं. कंपाउंडच्या कंपन्यांनी माल बिघडवला असं माझं मत होतं. त्याच वर्षी सगळ्या वर्तमानपत्रांनी शाई पातळ केली होती आणि महानगरपालिकेने रस्त्यावर फिसकटल्यासारखा उजेड देणारे दिवे आणले होते. काळच तसा आला होता. पण मी धुरकट म्हणालो की मालन मशीन घ्यायची, मी चहा पिऊन यायचो, तोवर गाडी शेडमध्ये उभी असायची आणि बॉनेट लख्ख असायचं. त्या बुधवारीही तसंच झालं.

“आता कसं,” मी म्हणालो.

“आता बरं हाय,” मालन म्हणाली. मग टेपची भेंडोळी खुंटीला अडकवत म्हणाली, “भाई, उद्या-परवा मी न्हाई. भाचीचा साखरपुडा हाय जतला. शनिवारी सकाळी येते. तवर तुम्ही दारं नि मागची बाजू करा. बॉनेट ऱ्हाऊ द्या, मी आल्यावर करू.”

“का? बॉनेट मला येत नाही का?”

“येतंय की. पर ऱ्हाऊ द्या.”

मला राग आला. अकरा वर्षं माझ्या हाताखाली शिकलेली बाई मला बॉनेट राहू द्या म्हणते. गुरुवारी सकाळी मी सगळ्यात आधी बॉनेटच घेतलं.

हात चांगला चालला होता. जाळं एका फेरीत गेलं. फोम फिरवला, स्पिरिट मारलं, गाडी ढकलून उन्हात काढली आणि गुडघ्यावर बसलो. संपूर्ण बॉनेट धुरकट. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी कोऱ्यांना हाक मारली. ते टायर सोडून आले, पुढे वाकले आणि बॉनेटमध्ये बघून त्यांनी मिशा सारख्या केल्या.

“झालं की,” ते म्हणाले. “आता काय भांग पाडायचाय का त्यात?”

“धुरकट दिसत नाही?”

“मला माझं तोंड दिसतंय. ते बी गरजेपेक्षा जास्तच.”

टायरवाल्याला पॉलिश कळण्याची अपेक्षाच चुकीची होती. मी गाडी परत आत घेतली. फोम बदलला, पॉलिश बदललं, मशीन आणखी हळू केलं. उन्हात काढली. धुरकट. मग विचार केला की मुळात कंपाउंडचेच ओरखडे खोल गेले असतील, म्हणून पुन्हा बफपासून सुरुवात केली. जुन्या रंगाचं असं असतं की घासताना तो पॅडवर उतरतो. पांढरं पॅड काळं होतं, म्हणजे गाडी थोडी थोडी पॅडवर येत असते. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे चार काळी पॅडं झाली होती. मी ती धुतली आणि नाल्याचं पाणी काळं गेलं. पण दिलेला शब्द होता, पाटी होती, आणि डोळ्यासमोर धुरकट होतं.

शुक्रवारी सकाळी चौथी फेरी. मी अकरा वाजेपर्यंत पाणीही प्यायलो नाही. गाडी उन्हात काढली, स्पिरिटची बाटली उचलली आणि घाईने दाबली. तिचं झाकण सैल होतं. फवारा बॉनेटवर न पडता माझ्या उजव्या डोळ्यात गेला.

डोळा पेटल्यासारखा झाला. मी नळावर जाऊन पाणी मारलं, तळहात उजव्या डोळ्यावर दाबून धरला आणि तसाच परत आलो, कारण फडकं बॉनेटवर राहिलं होतं. फडकं उचलताना नजर पत्र्यावर गेली. बॉनेट विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. त्यात सूर्य होता, गोल, रेखीव कडेचा, आजूबाजूला एक रेघ नाही. धुरकट तर नावाला नव्हतं.

आणि मधल्या कंगोऱ्यावर, जिथे पत्रा उंच असतो आणि रंग सगळ्यात पातळ, तिथे चिंचोक्याएवढा लाल डाग होता.

मी हात काढला. उजवा डोळा उघडला, डावा मिटला. बॉनेट धुरकट, डाग जवळजवळ गायब. डावा उघडला, उजवा मिटला. बॉनेट लख्ख, डाग लालभडक. असं मी सहा-सात वेळा केलं. शेजारी कोरे टायर सोडून माझ्याकडे बघत होते. कुणाला डोळा मारतोय असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी मागे वळूनही पाहिलं.

मग मी रिकाम्या डब्यावर बसलो. आमच्या मिरजेत दर चौथ्या दारावर डॉक्टरची पाटी आहे. लांब लांबून लोक इथे डोळे दाखवायला येतात. मी त्याच रस्त्यावर दीड वर्ष कंपाउंडच्या कंपन्यांना शिव्या देत बसलो होतो. हसायला आलं, पण ते टिकलं नाही. सरांचं अस्तर मी उघडं पाडलं होतं, आणि ज्या डोळ्याच्या जिवावर शब्द दिला होता तो डोळाच फितूर निघाला होता. दारं आणि मागची बाजू मी डाव्या डोळ्याने बघत एका फेरीत उरकली आणि त्या दिवशी लवकरच दुकान बंद केलं.

शनिवारी नऊ वाजता मालन आली. जतहून पहिल्या गाडीने निघाली होती. तिने बॉनेट पाहिलं, डाग पाहिला, खाली पडलेली पॅडं मोजल्यासारखी पाहिली.

“किती येळा फिरवलं?”

“चार.”

“मी म्हणलं हुतं, ऱ्हाऊ द्या.”

“मालन, तुला माहीत होतं?”

ती टेप सोलायला लागली. बरीच सोलून झाल्यावर म्हणाली, “व्हय.”

“कधीपासून?”

“गेल्याच्या आदल्या दिवाळीपासनं. ती पांढरी गाडी आली हुती बघा डॉक्टरीणबाईंची. तिच्यावर धुरकट न्हवतंच. तुम्ही म्हणाला हाय. तवा मी म्हणलं काढते.”

“मग काढायचीस काय?”

“काय न्हाई. तुम्ही च्याला गेला की मशीन चालू करून हातात धरायची. पत्र्याला लावायची न्हाई. आवाज यायला पायजे म्हणून. मग गाडी सावलीत घ्यायची. सावलीत तुम्हाला बरं दिसायचं.”

दीड वर्ष. दीड वर्ष मी कोपऱ्यावर चहा पीत मशीनचा आवाज ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो की बाईचा हात आता बसला.

“सांगितलं का नाहीस?”

“दोनदा म्हणलं, भाई, डोळे दाखवा. तुम्ही म्हणाला, डोळ्यांना काय झालंय, माझ्या आज्यानं तलवारी बघितल्यात.”

हे मी म्हणालो होतो. मला लख्ख आठवलं.

ती बॉनेटपाशी आली आणि डागावर बोट ठेवलं. “आता आसं करू. सरांना मी सांगते, माझ्याकडनं झालं म्हणून. भाई न्हवते, मी मशीन धरलं.”

“का?”

“तुमच्या डोळ्याचं नाव हाय. एकदा कळलं की हमीदभाईला दिसत न्हाई, तर उद्या कोण गाडी आणल? माझं काय, मला कोण वळखतंय.”

मी नको म्हणालो. पण कसं म्हणालो तेही सांगायला हवं. मी म्हणालो, “नको, तसं कशाला, बघू.” त्यातल्या बघूचा अर्थ तिलाही कळला आणि मलाही.

अकराला रिक्षा थांबली. सर आले, आज नवी टोपी घालून. गाडी उन्हात उभी होती. त्यांनी दारं पाहिली, मागची बाजू पाहिली, मान डोलावली आणि बॉनेटपाशी येऊन थांबले. ते डागावर वाकले आणि त्यांनी चष्मा नीट केला.

“हे काय?”

“माझ्याकडनं झालं, सर,” मालन म्हणाली. “भाई बाहेर गेल्ते. मी मशीन धरलं.”

सर तिच्याकडे वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाशी बोलावं तसं ते बोलले.

“बाई, तेहतीस वर्षं मी या गाडीला कुणाला हात लावू दिला नाही.”

मी गप्प होतो.

“मी ती शिकलगारांच्या डोळ्यावर विसंबून दिली होती, तुमच्या हातावर नाही.”

मी गप्पच होतो.

“आपल्याला जे येत नाही ते करायला जाऊ नये, एवढं तरी माणसाला कळावं.”

मालन खाली बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अकरा वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. मला माझी शिसारी आली.

“सर,” मी म्हणालो, “मशीन माझ्या हातात होतं. मालनबाई दोन दिवस जतला होत्या. बॉनेट करू नका असं मला सांगून गेल्या होत्या.”

सरांनी चष्मा काढला. “मग त्या असं का म्हणाल्या?”

“माझं नाव राहावं म्हणून. माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही. मला जे धुरकट दिसत होतं ते गाडीवर नव्हतंच. दीड वर्ष माझ्या सगळ्या गाड्या यांनी सांभाळल्यात. मला ते काल आणि आज कळलं.”

“आणि मी त्यांना बोलत होतो तेव्हा आपण काय करत होता?”

“ऐकत होतो.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डागाकडे पाहताना त्यांचा चेहरा यापेक्षा बरा होता. मग ते मालनकडे वळले आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, “बाई, माझी तिन्ही विधानं मी मागे घेतो. ती चुकीच्या माणसाला उद्देशून होती.”

“असू द्या, सर,” मालन म्हणाली.

“सर, काळं लावून देऊ शकतो,” मी म्हणालो. “चिंचोक्याएवढं आहे. नीट लावलं तर तिथं कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल. हा लाल रंग कुणाचा?”

“अस्तर आहे. कंपनीचंच.”

“एकोणऐंशी सालचं?”

“हो.”

“म्हणजे हाही मूळ रंगच.” सरांनी टोपी पुन्हा घातली. “मग गाडी व्याख्येत बसते. चला.”

ते गाडीत बसले, काच खाली केली आणि मला म्हणाले, “सोमवारी डोळे दाखवा. दाखवल्याचा कागद मला आणून द्या.” मग गाडी सावकाश अंगणातून बाहेर गेली.

कोल्हापुरात सरांना बक्षीस मिळालं नाही. ते एका पांढऱ्या अँबॅसिडरला मिळालं. परीक्षकांनी डागाबद्दल विचारलं तेव्हा सरांनी त्यांना मूळ या शब्दाची व्याख्या करायला सांगितली, आणि ती वीस मिनिटं चालली असं मला नंतर कळलं. मी सोमवारी डोळा दाखवला, पुढच्या महिन्यात मोतीबिंदू काढून घेतला, कागद सरांना नेऊन दिला. काय झालं ते गिऱ्हाइकांना मी स्वतःच सांगितलं. चार-पाच गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. तेव्हापासून गिऱ्हाइकासमोर मशीन मालन धरते आणि गाडी झाली की नाही ते तीच सांगते. माझा डोळा आता चांगला आहे, तरीही.

सरांची ती तीन वाक्यं मात्र माझ्या मनातून जात नाहीत. मी बोललो हे खरं, पण तिसरं वाक्य संपल्यावर बोललो. पहिल्यालाच बोलता आलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काम नव्हतं. मालन एका गाडीच्या दिव्याला टेप लावत होती. मी सहज विचारलं, “मालन, त्या दिवशी मी बोललोच नसतो तर?”

“कुठल्या दिशी?” ती म्हणाली, पण तिला कळलं होतं. टेप दाताने तोडून तिने दिव्यावर दाबली. “तर सोमवारपासनं मी आले नसते.”

“अगं, तूच म्हणालीस की माझ्यावर घाला.”

“म्हणाले. म्हणून तुम्ही ऐकायचं हुतं व्हय?”

ती पुढचा तुकडा सोलत होती.

“माझं कामाचं पातळ, चपला, कप, समदं सकाळीच पिशवीत भरून ठिवलं हुतं,” ती म्हणाली. “सर आले तवा पिशवी दारात हुती. तुम्ही बोलला, मग दुपारी परत आत नेऊन ठिवली.”

ती पिशवी मला आठवते. निळी होती, दाराच्या चौकटीला टेकून ठेवलेली. साखरपुड्याचे लाडू असतील, जाताना घरी न्यायला देईल, असं मला वाटलं होतं.